एकोणतीस दात्यांची पुली

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळे म्हणतात, हिच्या नाकावर राग असतो. असतो तर असतो. ज्या घरात बाप आणि भाऊ चार महिने एकमेकांशी बोलत नाहीत, एकाच इंजिनाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि "छोटी, त्याला सांग तेरा नंबरचा पाना दे" असं मला सांगतात, त्या घरात राग नाकावर नाही ठेवायचा तर कुठे ठेवायचा? पाना दोघांच्या मधे पडलेला असायचा. हात लांब केला की मिळाला असता. पण नाही, तो माझ्यामार्फतच जायला हवा.

छोटी म्हणजे मी. वय वर्षं छत्तीस. घरामागे आमची शेड आहे, तिच्या मागच्या अंगाला लोखंड कातायचं लेथ मशीन आहे, आणि त्या लेथवर गेली चौदा वर्षं मी आहे. बाहेरची कामं करते आणि आमच्या शर्यतीच्या गाडीचीही करते. बाबांनी उभा जन्म इंजिनं बांधली. दादा दिवसा शाळेची बस चालवतो. साठ पोरं घेऊन इतक्या बेताने चालवतो की सायकलवाले पुढे जातात, आणि शर्यतीच्या दिवशी त्याचं सगळं उट्टं काढतो.

आता भांडण कशावरून, ते सांगते. आमच्या इंजिनावर सुपरचार्जर आहे. नाव मोठं, काम साधं: हवा कोंबायची. इंजिन आपणहून जेवढी हवा ओढतं, त्याहून जास्त हवा हा त्याच्या घशात दाबून भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. त्याला फिरवायला वेगळी मोटर नसते. इंजिनाच्या खालच्या पुलीवरून एक दातेरी पट्टा वर जातो आणि सुपरचार्जरची पुली फिरवतो. खालच्या पुलीला चव्वेचाळीस दाते, ते ठरलेले. वरच्या पुलीला किती, यावर सगळा खेळ. वरची पुली लहान, दाते कमी, तर सुपरचार्जर जोरात फिरतो. पुली मोठी, तर सावकाश.

आईने एकदा विचारलं होतं की मग लहानच लावून मोकळे का होत नाही. तिला उत्तर द्यायला दोघांनी एकदम तोंड उघडलं, आणि ती बिचारी उठून आत गेली. उत्तर असं, की हवा दाबली की तापते. सुपरचार्जर फार जोरात फिरवला तर ती इतकी तापते की पेट्रोल आपली वेळ यायच्या आधीच भडकतं. इंजिन आतून ठोके देतं आणि बघता बघता पिस्टनला भोक पडतं. शिवाय हा गडी फिरतो तो इंजिनाच्याच जिवावर. म्हणजे घरात कमावता एक, आणि त्याच्या कमाईवर हौस करणारा दुसरा. त्याला किती हौस करू द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

दादाचा आकडा सव्वीस. बाबांचा चौतीस. दोघांनीही हे आकडे कुठून आणले, तर कुठून नाही. दादाने एका जिंकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली डोकावून पाहिलं होतं आणि त्याला ती पुली "सव्वीसची वाटली". बाबा म्हणायचे, माझ्या हाताला कळतं. ते सुपरचार्जरच्या अंगावर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तापलाय की नाही ते सांगायचे. दाते दोघांनीही कधी मोजले नाहीत. मोजणं हे माझं काम. लहानपणापासून एका दात्यावर खडूची खूण करायची आणि तिथून पुन्हा तिथपर्यंत यायचं, हे काम घरात मलाच. "छोटी, मोज गं" म्हटलं की मी मोजायची. आकडा मी सांगायचा आणि त्यावर भांडायचं त्यांनी.

त्या हंगामात तीन शर्यती होत्या. पहिलीत दादाच्या हट्टाने सव्वीस लावली. अकरा फेऱ्या दादा सगळ्यांच्या पुढे होता. बाराव्या फेरीत तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं आणि गाडी दोराला बांधून आणली. बाबा चारचौघांत त्याला "अक्कलशून्य" म्हणाले. दुसऱ्या शर्यतीत बाबांच्या हट्टाने चौतीस लावली. इंजिनाला काही म्हणजे काही झालं नाही. पण गाडी इतकी निवांत चालली होती की एक जण चाक बदलायला थांबला, चाक बदललं, आणि वर आमच्या पुढे निघून गेला. दादाने आठव्या फेरीला गाडी स्वतःच बाजूला उभी केली, हेल्मेट काढलं आणि बाबांना चारचौघांत म्हणाला, बैलगाडी तरी बरी. तेव्हापासून बोलणं बंद.

तिसरी शर्यत शेवटची. तोवर इंजिनाची दशा अशी झाली होती की आणखी एक भोक पडलं तर दुरुस्तीला जागाच उरणार नव्हती, सरळ भंगार. बाबांनी जेवताना जाहीर केलं, अर्थात मला उद्देशून, की पहिल्या तिनात आलो तर गाडी पुढच्या वर्षी धावेल. नाही आलो, किंवा इंजिन फुटलं, तर शेडला कुलूप. शेजारचा फर्निचरवाला सोफे ठेवायला जागा मागतोच आहे, त्याला देऊन टाकू. दादाने भाताकडे बघत मला सांगितलं की त्यांना सांग, चालेल. दोघांचंही ठरलं. शेडला कुलूप लागलं तर लेथ कुठे जाणार आणि लेथमागे चौदा वर्षं उभी असलेली बाई कुठे जाणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मला त्या घासाबरोबर ठसकाच लागला. आईने पाणी दिलं, आणि बाबा म्हणाले, सावकाश जेव.

मी ठरवलं, आता यांचं पुरे झालं.

बाबा रोज दुपारी तीन ते पाच पत्ते खेळायला जातात आणि दादा त्याच वेळी पोरांना घरी सोडत फिरत असतो. म्हणजे दोन तास शेड माझी. इंजिन अजून गाडीत बसवलेलं नव्हतं, स्टँडवर होतं. त्याला मी ब्रेक लावला आणि ब्रेकच्या दांड्याला वजनकाटा. इंजिन जितक्या जोराने ओढेल तितके किलो काट्यावर दिसतील, असा सरळ हिशेब. मग सुपरचार्जर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत थर्मामीटर बसवला. आधी घरातला तापाचा बसवून पाहिला, तो दहा सेकंदांत फुटला. आई दोन दिवस शोधत होती, मी गप्प बसले. मग दादाच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून प्रयोगशाळेतला मागून आणला.

अकरा दुपारी लागल्या. सव्वीस आणि चौतीस तयार होत्याच. बत्तीस, तीस, एकोणतीस आणि अठ्ठावीस दात्यांच्या पुल्या मी नव्या केल्या. एकेक लावायची, इंजिन पूर्ण जोरात पळवायचं, काट्यावरचे किलो लिहायचे, नळीतलं तापमान लिहायचं, बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा लावायचं. फर्निचरवाला भिंतीपलीकडून ओरडायचा की गिऱ्हाईक पळून जातंय. मी इकडून ओरडायची की शेड रिकामी हवी असेल तर थोडं सोस. त्याला ते पटायचं.

चौतीसवर काटा एकेचाळीस किलोवर थांबला. बाबांची पुली म्हणजे अगदीच पोटभर जेवून झोपलेली. तीसवर सेहेचाळीस. एकोणतीसवर सत्तेचाळीस. अठ्ठावीसवर आणखी अर्धा किलो मिळाला, पण तापमान एकदम अठरा अंशांनी वर गेलं. आणि सव्वीस, दादाची लाडकी सव्वीस, तिच्यावर काटा उलटा खाली येऊन पंचेचाळीसवर बसला आणि आतून ठोके ऐकू यायला लागले. मी झटकन बंद केलं. म्हणजे ज्या पुलीसाठी दादाने पिस्टनला भोक पाडून घेतलं, तिने जोर वाढत नव्हताच, घटत होता. मी वहीसमोर बसून एकटीच हसले. मग रागही आला, कारण हे चार महिन्यांपूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मी तेव्हाच मोजून दिलं असतं.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. बाबांना सांगावं तर ते म्हणणार, माझ्या हातापेक्षा तुझा थर्मामीटर शहाणा का? दादाला सांगावं तर तो म्हणणार, तू बाबांच्या बाजूची. तसा एकदा प्रयत्न केला. बाबांना नुसतं म्हटलं की तीसच्या आसपास काही, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू फक्त दाते नीट काप हं. डोक्यावर हात. छत्तिसाव्या वर्षी. तेव्हाच माझं डोकं फिरलं.

शर्यतीच्या आधीच्या दोन दिवसांत दोघे वेगवेगळे माझ्याकडे आले. आधी दादा, सकाळी, बसची किल्ली बोटात फिरवत. म्हणाला, तू सव्वीस लाव, त्यांना सांग चौतीस लावलीय, झाकण लागल्यावर त्यांना काय दिसतंय. संध्याकाळी बाबा आले. म्हणाले, तू चौतीस लाव, त्याला सांग सव्वीस आहे, झाकण लागल्यावर त्याला काय कळतंय. दोघांच्या तोंडी तेच शब्द, तीच दबलेली कुजबुज, आणि मान वळवून मागे बघायची पद्धतही तीच. एकमेकांशी बोलत नव्हते, पण रक्त एकच ना. मी दोघांनाही मान डोलावली. शर्यतीच्या नियमाने पट्ट्यावर पत्र्याचं झाकण लागतंच. मी एकोणतीस दात्यांची पुली बसवली, झाकण लावलं आणि आठ बोल्ट घट्ट आवळले.

मग गंमत सुरू झाली. इंजिन गाडीत बसवून चालू केलं. बाबांनी सुपरचार्जरवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मला हळूच म्हणाले, बघ, कसा थंड आहे, चौतीस ती चौतीस. पाच मिनिटांनी दादा गाडी गल्लीतून एक चक्कर मारून घेऊन आला. उतरला तो लाल होऊनच. माझ्या कानाशी लागून म्हणाला, पाठ सीटला चिकटली गं, सव्वीसची मजाच वेगळी. मी दोघांनाही हो म्हटलं. खोटं बोलताना माझा राग कुठे गेला होता कोण जाणे. आईने मात्र रात्री ताटं उचलताना मला बाजूला घेतलं. म्हणाली, तू काय केलंयस ते मला माहीत नाही आणि सांगूही नकोस, पण दोन दिवस तू कुणाला उलट बोलली नाहीस, तेव्हा काहीतरी मोठं केलंयस.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं होतं की डांबराला बूट चिकटत होता. मला तेच हवं होतं, कारण फार जोरात फिरणारे सुपरचार्जर अशा उन्हात आधी गळतात, आणि त्याचीच भीतीही होती. शेडमध्ये मी दुपारी मोजलं होतं खरं, पण इथलं ऊन शेडच्या छपराला विचारून पडत नव्हतं. वीस फेऱ्या होत्या. आमची गाडी सातव्या नंबरावरून सुटली. पहिल्या पाच फेऱ्यांत दादा पाचवा झाला. बाबा दुर्बीण लावून उभे होते आणि दर फेरीला मला सांगत होते की त्याला सांग दमाने घे. तो ताशी दीडशे किलोमीटरने चालला होता, मी कुणामार्फत सांगणार होते?

दहाव्या फेरीला पुढच्या एका गाडीतून पांढरा धूर निघाला आणि ती बाजूला गेली. तिच्याही इंजिनावर सुपरचार्जर होता, आमच्यापेक्षा मोठा आणि जोरात फिरणारा. दादा चौथा. चढावर तो दर वेळी पुढच्या गाडीच्या जरा जरा जवळ जात होता. तीसवर एक किलो कमी मिळाला होता ना, तोच किलो तिथे चढावर होता, मला डोळ्यांनी दिसत होता. बारावी फेरी आली; पहिल्या शर्यतीत भोक बाराव्यालाच पडलं होतं. मी डोळे मिटले. आई शेजारी अंडं सोलत बसली होती, तिने माझ्या हातात सोललेलं अंडं ठेवलं. मी ते पंधराव्या फेरीपर्यंत तसंच धरून होते. अठराव्या फेरीत, त्याच चढावर, दादाने तिसऱ्या नंबरची गाडी मागे टाकली, आणि वीस फेऱ्या संपल्या तेव्हा तो तिसराच होता.

तिसरा. बाबा दुर्बीण गळ्यात टाकून नाचले. दादा गाडीतून उतरला, आईच्या पाया पडला, उठला आणि मला म्हणाला की त्यांना सांग, सव्वीसने आणलं. बाबा मला म्हणाले की त्याला सांग, चौतीसने आणलं, नाहीतर आज पुन्हा दोर लागला असता. दोघांच्या मधे पाना हातात घेऊन मी उभी. खरं सांगते, तेव्हाही माझा विचार गप्प राहण्याचाच होता. शेड वाचली होती. दोघे आपापल्या आकड्यावर खूश होते. माझं काय बिघडत होतं?

तेवढ्यात तपासनीस आला. बारीक माणूस, चष्मा, काखेत फळी आणि फळीला लावलेला फॉर्म. पहिल्या तीन गाड्या उघडून बघायचा नियम होता. त्यातला एक नियम असा, की ज्याने इंजिन बांधलं त्याने आधी तोंडाने सांगायचं, सुपरचार्जरच्या पुलीला किती दाते. मग तो झाकण काढून मोजणार. जुळलं तर नंबर कायम. नाही जुळलं तर गाडी बाद. म्हणे, स्वतःच्या इंजिनावर काय बसवलंय हे ज्याला माहीत नाही, त्याचं बाकीचं तरी खरं कशावरून?

तपासनिसाने विचारलं, इंजिन कुणी बांधलं. बाबा आणि दादा दोघेही एकदम म्हणाले, मी. तो म्हणाला, एकच नाव लिहिता येतं. मग म्हणाला, बरं, आकडा सांगा.

"चौतीस," बाबा म्हणाले.

"सव्वीस," दादा म्हणाला.

तपासनिसाने पेन वर उचललं. म्हणाला की दोन आकडे चालत नाहीत, घरच्या घरी काय ते ठरवा, मी एकदाच लिहिणार. बाबा दादाकडे वळले. सरळ त्याच्याकडे, माझ्याकडे नाही.

"तू गप्प बस. बाद करशील गाडी."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला ठाऊक नाही आत काय आहे ते."

"मला ठाऊक नाही? मीच सांगितलं तिला चौतीस लावायला."

"मी सांगितलं सव्वीस."

आई मागून म्हणाली, बोलले बाई एकदाचे. मग दोघेही थांबले. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दोन चेहऱ्यांवर एकच शंका इतकी सारखी उमटली की दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पण तपासनिसाचं पेन कागदाला टेकलं होतं. गप्प राहिले तर नंबर जातो, शेड जाते, लेथ जाते. बोलले तर या दोघांचं नाक कापलं जातं, तेही सगळ्या जगासमोर. आणि समजा झाकणाखाली मीच चुकून तीसची बसवली असेल तर? हातात होत्या तेव्हा दोन्ही एकसारख्याच दिसत होत्या.

"एकोणतीस," मी म्हटलं. "आणि इंजिन मी बांधलंय. माझं नाव लिहा."

त्याने लिहिलं. मी आठ बोल्ट काढले, एक बोल्ट खाली पडला तो दादाने उचलून दिला. तपासनिसाने खिशातून खडू काढला, एका दात्यावर खूण केली आणि पुली फिरवत मोठ्याने मोजायला लागला. बाबा ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजत होते. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच. पंचवीस, सव्वीस, दादाची मान खाली गेली. अठ्ठावीस, एकोणतीस, खडूची खूण वर आली. बाबा म्हणाले, पुन्हा मोजा. त्याने पुन्हा मोजले. एकोणतीसच. त्याने सही केली, मला म्हणाला, बाई, पुली सुरेख कापलीय, आणि पुढच्या गाडीकडे गेला.

परतताना ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. दादा चालवत होता, बाबा खिडकीशी, मधे आई आणि मी. मागे गाडी बांधलेली. ऊन उतरत होतं. मी वाट बघत होते की पहिला भडका कुणाचा उडतो. दोघांना मी फसवलं होतं, ते खरंच होतं, आणि मला त्याचं वाईटही वाटत होतं. पण फार नाही.

शेवटी दादाच बोलला. गिअर बदलता बदलता म्हणाला, कळलं मला तू काय केलंस ते, भांडण नको म्हणून दोघांच्या मधलं काढलंस. बाबा लगेच म्हणाले, तेच म्हणतोय मी, पोरीची जात, दोघांचं मन राखायचं म्हणून मधलं लावून दिलं, आणि नशिबाने लागलं. बघा, चार महिन्यांनी बापलेकाचं एकमत झालं ते यावर.

माझ्या कानशिलातून वाफ निघाली म्हणा ना.

"चौतीस आणि सव्वीसच्या मधलं तीस येतं," मी म्हटलं. "मला बेरीज येते. तीस दाते कापायला सोपे असतात, एकोणतीस सारखे भाग पाडून कापताना जीव जातो. तीस लावले असते तर आज आपण चौथे असतो."

मी पिशवीतून वही काढली आणि बाबांच्या मांडीवर टाकली. दिली नाही, टाकली. त्यांनी चष्मा लावला. अकरा दुपारच्या नोंदी होत्या त्यात, प्रत्येक पुलीच्या समोर किलो आणि अंश, खोडाखोड आणि ऑइलचे डाग. बाबा एकेक पान बघत होते. मधेच त्यांनी सव्वीसच्या पानावर बोट ठेवलं आणि दादाला वाचून दाखवलं की हे बघ, ठोके, पंचेचाळीस किलो. दादा म्हणाला की चौतीसचं वाचा ना, ते का नाही वाचत. बाबांनी तेही वाचलं. एकेचाळीस. बराच वेळ ते त्याच पानावर होते. मग स्वतःचा तळवा उलटा करून बघितला आणि मांडीवर ठेवून दिला. मला त्यांना हरवायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं.

"पहिल्या पानावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची आहे," बाबा म्हणाले. "बोलली का नाहीस?"

मी सांगितलं की बोलले होते, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. त्यांना आठवलं असावं, कारण ते बाहेर बघायला लागले. आईने माझा गुडघा दाबला. ती शाबासकी होती की आता पुरे कर अशी खूण, ते मला आजही कळलेलं नाही.

बरंच अंतर गेलं. मग बाबांनी वही मिटली, पण परत केली नाही.

"पुढच्या शर्यतीला किती ठेवायचे?" त्यांनी विचारलं.

दादा लगेच म्हणाला, तेव्हा थंडी असेल, अठ्ठावीस चालतील. बाबा म्हणाले, उगाच जोखीम कशाला, तीस ठेवू. दादा म्हणाला, तीसने चौथे येऊ, आत्ताच ऐकलं ना. बाबा म्हणाले, तू मला शिकवू नकोस. आईने कपाळावर हात मारला. चार महिन्यांचं तुंबलेलं सगळं त्या केबिनमध्ये वाहायला लागलं आणि मी आपली मधे बसले होते, हातात काही नसलेली.

"थांब रे," बाबा एकदम म्हणाले. "मी तिला विचारलंय."

दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते, दादा तर रस्ता सोडून. चौदा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, हे मला तो कानावर पडल्यावरच कळलं. उत्तर तयार होतं, वहीत शेवटच्या पानावर लिहिलेलंसुद्धा होतं. आमच्या गावाअलीकडचा नदीवरचा पूल अजून दोन किलोमीटर लांब होता. पूल आला की सांगते म्हटलं, आणि मी दोघांनाही पुलापर्यंत थांबवलं.